पाच वर्षांची, आठ वर्षांची आणि वय न सांगणारी

धुराची सिंगल माल्ट घ्यायची असेल तर बाटलीवरचं वय लहान दिसलं म्हणून मागे सरू नका. बिनधुराची घेत असाल तर मात्र कमी वयाच्या बाटलीला हात लावण्याआधी जरा थांबा. (सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्यात, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून काढलेली व्हिस्की; ती बार्ली धुरावर सुकवली तर धुराची, नाहीतर बिनधुराची.) माझं म्हणणं एवढंच आहे. पण ते आमच्या गच्चीवर इतकी भांडणं होऊन ठरलंय की ती भांडणंही इथे लिहून ठेवतो.

भांडणारे तिघे. मी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, म्हणजे दिवसभर थिनर, रेझिन आणि वॉर्निश हुंगण्याचा पगार घेतो. माझा साडू कामासाठी दुबईला जाऊन-येऊन असतो आणि परतताना नियमात बसतं तेवढं, म्हणजे दोन लिटर, घेऊन येतो. तिसरे शेजारचे काका. वेकोलितून निवृत्त, उमरेडच्या कोळशाच्या खाणींवर उभी हयात गेलेली. शिवाय माझी बायको. ती पीत नाही, पण प्रत्येक ग्लास हुंगून एक वाक्य बोलते, आणि आम्ही तिघं मिळून जे काही बरळतो त्यापेक्षा ते वाक्य बहुतेक वेळा नेमकं असतं.

परवाने सगळ्यांकडे आहेत, विचारू नका. महाराष्ट्रात पिण्याचाही परवाना लागतो आणि त्यासाठी पंचविशी ओलांडलेली असावी लागते, हे आपल्याकडे फक्त दुकानातल्या पाटीला माहीत असतं. दीड तासावर वर्धा, तिथे तर जिल्हाभर बंदी. साडूचं घर वर्ध्याला आहे, म्हणून बैठक आमच्याकडे.

आधी वयाचा हिशेब. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर दारूने स्कॉटलंडातच, ओकच्या पिंपात, निदान तीन वर्षं काढलेली असावी लागतात. पिंप 700 लिटरपेक्षा मोठं चालत नाही आणि बाटलीत भरताना अल्कोहोल 40 टक्क्यांच्या खाली नेता येत नाही. लेबलवर वय छापलं तर ते बाटलीतल्या सगळ्यात लहान दारूचं. म्हणजे वीस वर्षांच्या पिंपात चमचाभर पाच वर्षांची मिसळली तरी लेबलवर पाचच. म्हणूनच बरेच जण वयच छापत नाहीत. साडूचं म्हणणं, जे वय लपवतात ते काहीतरी लपवतात. मला ते तितकं सरळ वाटत नाही, पुढे येईलच.

गंमत अशी की हा तीन वर्षांचा नियम चवीच्या काळजीतून आलेला नाही. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार पिऊन कामाला दांड्या मारतात, म्हणून ब्रिटनचा मंत्री लॉइड जॉर्ज दारूवर उठला होता. बंदीपर्यंत गोष्ट गेली होती. तडजोड म्हणून 1915 मध्ये कायदा झाला की ताजी दारू विकायचीच नाही, दोन वर्षं पिंपात ठेवायची. पुढच्या वर्षी दोनाची तीन झाली. दारू कमी प्यायली जावी म्हणून केलेल्या कायद्याने दारू सुधारली. आमच्या काकांना ही गोष्ट फार आवडते, ते ती नवीन माणसाला दर वेळी सांगतात.

बैठक जानेवारीतच घ्यायची, हा माझा हट्ट. नागपूरच्या मे महिन्यात ग्लासात ओतलेल्या दारूतून अल्कोहोल इतकं भराभर उडतं की नाकाला फक्त झिणझिण्या येतात, बाकी काही कळत नाही. थंडीत रात्री गच्चीवर स्वेटर घालून बसावं लागतं तेव्हा माल्ट नीट बोलते. ग्लास पोटात फुगीर, तोंडाशी निमुळते. माप कफ सिरपच्या झाकणाचं, पंधरा मिली, कारण इतक्या बाटल्या चाखायच्या तर पेगच्या हिशेबाने चालत नाही. चकना म्हणून साधे फुटाणे, मीठ न लावलेले. सावजी मागवलेलं असतं, पण ते शेवटचा ग्लास धुतल्यावरच उघडायचं. एकदा ती तर्री जिभेवर आली की पुढच्या दोन तासांत पाणी आणि धुराची लागावुलिन यांतला फरक कळेल तर शपथ.

सुरुवात बिनधुराच्या बाटलीने केली. ग्लेनलिव्हेट फाउंडर्स रिझर्व्ह, वय छापलेलं नाही, 40 टक्के. 2015 साली ही बाजारात आली आणि काही देशांत तिने चक्क बारा वर्षांच्या ग्लेनलिव्हेटची जागा घेतली, त्यावरून रसिक मंडळी बरीच चिडली होती. शेजारी बारा वर्षांची ठेवली. दोन्ही चाळीस टक्क्यांच्या, म्हणजे भांडण बरोबरीचं.

फाउंडर्स रिझर्व्ह नाकाला लावली आणि मी कारखान्यात पोचलो. पेअर, पिकलेलं केळं, आणि त्यामागे एक धारदार टोक. हा वास माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, जुने लोक याला ‘बनाना ऑइल’ म्हणायचे आणि लॅकरमध्ये सॉल्व्हंट म्हणून वापरायचे. यीस्ट साखर खाताना हाच एस्टर, म्हणजे फळासारखा वास देणारं रसायन, तयार करतं, त्यात भेसळबिसळ काही नाही. कोवळ्या दारूत तो एकटाच पुढे येऊन बोलतो, वर्षं गेली की लाकडातून आलेलं व्हॅनिला, मध, थोडा मसाला त्याला मागे ढकलतात. बारा वर्षांच्या ग्लासात तोच एस्टर होता, पण अननसासारखा गोल झालेला, टोक गेलेलं. बायको पहिल्या ग्लासावर म्हणाली, “नेलपेंट काढायचं.” दुसऱ्यावर म्हणाली, “हे सरबत चालेल.” निकाल लागला.

पण मग ब्रुकलॅडीची क्लासिक लॅडी आली आणि निकालाला भोक पडलं. हीसुद्धा बिनधुराची, हिच्यावरही वय नाही, निळ्याहिरव्या रंगाची बाटली, 50 टक्के. हा कारखाना स्कॉटलंडच्या आयला बेटावरचा. 1994 मध्ये बंद पडला, 2001 मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि नव्या मालकांनी बार्लीवरच सगळा जोर लावला. बाटलीवरचा कोड वेबसाइटवर टाकला की त्या खेपेत कुठल्या सालची, कुठल्या पिंपातली दारू आहे ते दिसतं. लेबलवर इतकं छापायची कायद्याने मुभा नाही, म्हणून हा मार्ग. साडूला मी हेच दाखवलं: वय न छापणारा प्रत्येक जण लपवतोच असं नाही. तो म्हणाला, “दादा, सगळे असं दाखवत असते तर ठीक होतं.” तेही खरं.

चवीला क्लासिक लॅडी कोवळीच आहे आणि तिला त्याची लाज नाही. धान्य समोर येतं. मला जानेवारीतला हुरडा आठवला, आच लागून गोड झालेला ज्वारीचा कोवळा दाणा, त्यावर लिंबाची साल आणि जिभेच्या कडेला किंचित मीठ. दुधाळ आंबूसपणाचाही एक पदर आहे, तो काहींना आवडत नाही. मला आवडला. तेव्हा बिनधुराची कोवळी माल्ट वाईटच असते असं नाही, पण तिच्यामागे बार्लीकडे लक्ष देणारा माणूस आणि ताजं पिंप लागतं, आणि पाणी घालून चाळीसवर आणलेली नसली तर बरं.

पिंपाबद्दल दोन शब्द, कारण लोक वर्षं मोजतात आणि लाकूड विसरतात. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, तसा कायदाच आहे. एकदा वापरलेली ती दोनशे लिटरची पिंपं ढिगाने स्कॉटलंडला येतात. पहिल्यांदा स्कॉच भरलेलं पिंप भरपूर देतं. तेच तिसऱ्या-चौथ्या वेळी जवळजवळ मुकं असतं. आतला जळका थर गंधकाचे वास शोषून घेतो, त्यामागचं लाकूड व्हॅनिला देतं, आणि लाकडातून शिरणारी हवा हळूहळू उरलेलं काम करते. पहिली दोन कामं लवकर होऊ शकतात, तिसऱ्याला घाई करता येत नाही. माझ्या मते वय म्हणजे मुख्यतः त्या तिसऱ्या कामाचे पैसे. पिंप लहान असेल तर दारूच्या मानाने लाकूड जास्त लागतं. लाफ्रॉइगची क्वार्टर कास्क त्याच युक्तीवर उभी आहे, आणि तिच्यातलं नारळ-व्हॅनिला पाहता युक्ती लागू पडते.

आता धूर. इथे सूत्रं काकांच्या हाती गेली.

आयलावर झाडं कमी आणि दलदल अमाप. शेवाळं, गवत, झुडपं त्या पाणथळ जमिनीत हजारो वर्षं कुजून जो काळा थर होतो तो पीट. तो विटांसारखा कापतात, वाळवतात, आणि भिजवून मोड आणलेली बार्ली त्याच्या धुरावर सुकवतात. मी हे वाचून दाखवत होतो तर काकांनी हात वर केला. “बापू, हे मले काहून सांगून राहिला? पीट म्हणजे कोळशाचं बालपण. पीटाचा लिग्नाइट होते, लिग्नाइटचा आपला दगडी कोळसा. कोट्यवधी वर्षं लागते. आम्ही उमरेडला जे खणलं ते म्हातारं, हे लोक पोट्टं जाळून राहिले.” मग त्यांनी ग्लास नाकाशी नेला, बराच वेळ ठेवला आणि म्हणाले, “बरोबर. पोट्टंच आहे.”

ग्लासात होती आर्डबेगची वी बीस्टी. पाच वर्षं, 47.4 टक्के, 2020 मध्ये आलेली. आर्डबेगने लेबलवर पाच हा आकडा ठळक छापला याचं मला कौतुक आहे. लपवायला जागा होती, लपवलं नाही. शेजारी त्यांची नेहमीची दहा वर्षांची, 46 टक्के. एकाच भट्टीची, एकाच जातीच्या धुराची दोन वयं शेजारी शेजारी चाखायला मिळणं ही चैन आहे, आणि कोणाला एकच प्रयोग करायचा असेल तर मी हाच सांगेन.

पाच वर्षांची रंगाने फिकट, नाकाला लावताच अंगावर येते. काळी मिरी, लिंबाची साल, आणि डांबर, ऐन मे महिन्यात रोलर फिरून गेल्यावरचं. (नागपूरचे रस्ते आता सिमेंटचे झाल्याने आमच्या शेजारच्या पोरांना हा वास ओळखूच येणार नाही.) घोट घेतल्यावर जिभेवर आधी गोडवा, मग तिखट, मग राख. मध्ये काही नाही. पायऱ्या नसलेला माडीचा जिना. दहा वर्षांची घेतली तर धूर कमी झालेला नव्हता, पण बसून बोलत होता. लिंबाच्या जागी मुरलेलं लोणचं आलेलं, व्हॅनिला सावकाश मागून येत होता, आणि गिळल्यावर चव बराच वेळ जात नव्हती. कोणती चांगली? दहा वर्षांची. कोणती पुन्हा ओतली? पाच वर्षांची, तिघांनीही. चांगलं आणि हवंसं यांत असा फरक पडतो कधीकधी.

यामागे रसायनशास्त्र आहे. धुरातले फिनॉल, ग्वायकॉल, क्रेसॉल हे वासाचे रेणू बार्लीला चिकटतात आणि भट्टीतून दारूत उतरतात. पिंपात वर्षं जातात तसा त्यांचा जोर ओसरतो आणि लाकडाचा वाढतो. म्हणून जाहिरातीत जो पीपीएमचा (दहा लाख भागांत किती भाग फिनॉल, त्याचा) आकडा मिरवतात त्यावर फार जाऊ नये. तो बहुतेक वेळा सुकवलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या दारूचा नाही. आणि कोवळेपणी जो धारदार एस्टर बिनधुराच्या माल्टमध्ये खुपतो, त्याला इथे तोडीस तोड जोडीदार मिळतो. धूर त्याला झाकतो म्हणा किंवा सांभाळून घेतो म्हणा. माझ्या सगळ्या सांगण्याचं मूळ इथे आहे.

काकांनी मध्येच मोहाचा विषय काढला. त्यांच्या मते पहिल्या धारेची मोहाची समोर आणली असती तर या सगळ्या बाटल्या रडल्या असत्या. आपल्याकडे पहिल्या धारेचा केवढा मान. स्कॉटलंडात भट्टीची पहिली धार बाजूला काढतात, पुढच्या खेपेत परत ओततात. मधलीच धार पिंपात जाते. शेवटची धारही परत, पण ती कधी तोडायची यात खरी हातोटी, कारण जड फिनॉल उशिरा उतरतात. जरा जास्त वेळ चालू ठेवलं तर धूर वाढतो आणि त्याबरोबर घामट वासही. काका म्हणाले, “म्हणजे पहिल्या धारेची वाया घालवतेत?” वाया नाही काका, परत ओततात. “तेच ते.”

लागावुलिन आठ वर्षांची माझी आवडती निघाली. 48 टक्के. 2016 मध्ये कारखान्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा आली आणि लोकांनी इतकी उचलून धरली की तिने कायमची जागा मिळवली. प्रेरणा जुनी आहे: आल्फ्रेड बर्नार्ड नावाचा गृहस्थ 1880च्या दशकात ब्रिटनमधले सगळे व्हिस्कीचे कारखाने पालथे घालत फिरला, त्याला लागावुलिनमध्ये आठ वर्षांची चाखायला दिली होती आणि तिची त्याने तारीफ लिहून ठेवली. सोळा वर्षांची लागावुलिन मी आदराने पितो. तिच्यात मनुका, जुनं लाकूड, गोडसर धूर असं सगळं भारदस्त. आठ वर्षांचीत ते सामान नाही. फिकट, जवळजवळ रंगहीन, स्वच्छ, पुदिना, लिंबू, मीठ, आणि विझलेल्या शेकोटीचा धूर सरळ रेषेत. बायकोने हुंगली आणि म्हणाली, “आजीच्या गावच्या स्वयंपाकघरातली खिडकी उघडल्यासारखी.” साडूला मात्र सोळाच हवी. त्याचं म्हणणं, आठमध्ये सांगाडा आहे, मांस नाही. मी म्हणतो सांगाडा इतका देखणा असेल तर मांस कशाला. हा वाद मिटलेला नाही.

किलहोमनची मॅकिर बे थोडक्यात सांगतो, कारण तिच्याबद्दल भांडणच झालं नाही. 2005 मध्ये आयलावर शेतातच काढलेला छोटा कारखाना, पहिली सिंगल माल्ट 2009 मध्ये, म्हणजे जेमतेम तीन वर्षं भरल्यावर. आता दारू तेव्हापेक्षा मोठी आहे, पण मॅकिर बेवर वय नाही. 46 टक्के, मुख्यतः बर्बनची पिंपं, थोडी ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाइनची. धूर, बिस्किट, लिंबू, मऊ फळ. कोणालाही पहिल्यांदा धुराची माल्ट द्यायची असेल तर मी ही देईन. आर्डबेगने माणूस पळून जाण्याची शक्यता असते.

पाणी घालावं का, यावर आमच्याकडे दोन तट. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघांनी संगणकावर रेणूंचं गणित मांडून दाखवलं की अल्कोहोलचं प्रमाण कमी केलं तर ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतं, म्हणजे नाकाच्या जवळ येतं. तीव्र दारूत ते अल्कोहोलच्या घोळक्यात आत अडकून राहतं. वी बीस्टीत ड्रॉपरने चार-पाच थेंब टाकून पाहिले तर धूर खरंच वर आला आणि मिरीची धार बोथट झाली. फाउंडर्स रिझर्व्हमध्ये टाकले तर ती पाणचट झाली, बस. बर्फ मात्र कोणी घालायचा नाही. तो वासाला झोपवतो. उन्हाळ्यात सोड्याबरोबर घ्या, पण मग त्याला चाखणं म्हणू नका.

वर्षांच्या मोजणीत हवामानही येतं, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. स्कॉटलंडात पिंपातून दर वर्षी साधारण दोन टक्के उडून जातं. बंगळुरात अमृत या आपल्याकडच्या व्हिस्की कंपनीच्या गोदामात दहा-बारा टक्के. काकांनी तोंडी हिशेब केला: आठ वर्षांत तिकडे पंधरा टक्के जाते, इकडे साठ. उडून गेलेल्या दारूला देवदूतांचा वाटा म्हणतात; अमृतने आठ वर्षं ठेवलेली बाटली ग्रीडी एंजल्स, म्हणजे हावरे देवदूत, या नावाने काढली ती उगीच नाही. उष्णतेत लाकडाचं काम झटपट होतं, म्हणून पाच वर्षांची भारतीय माल्ट आणि पाच वर्षांची स्कॉच यांची बरोबरी आकड्याने करू नये. अमृतची फ्यूजन चाखा, तिच्यात आपली बार्ली आणि स्कॉटलंडची धुराची बार्ली दोन्ही आहेत. कोवळेपणाचा तो थिनरी वास मला तिच्यात सापडत नाही. पण हवेच्या संथ कामातून येणारा जो खोलपणा असतो तोही मला तिथे कमीच लागतो. नागपुरात कोणी पिंप ठेवलं तर काय होईल यावर साडू आणि काका अर्धा तास बोलले. कोरड्या उन्हाळ्यात पाणी जास्त उडून दारू चढेल, असं मी म्हणालो. काका म्हणाले, पिंपच फुटन.

खरेदीबद्दल. स्कॉचवरचा आयात कर 150 टक्के होता; 2025च्या जुलैत ब्रिटनशी जो करार झाला त्यात तो आधी 75 आणि मग दहा वर्षांत 40 वर आणायचं ठरलंय. राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं, ते 2021च्या नोव्हेंबरात 300 वरून 150 टक्के केलं होतं. किंमत किती उतरेल ते दुकानदाराला विचारा. तोवर माझा सल्ला सरळ आहे: धर्मपेठेतल्या दुकानातून घेणार असाल आणि धूर नको असेल तर बारा वर्षांची घ्या, वय न छापलेल्या चाळीस टक्क्यांच्या बाटलीवर तेवढेच पैसे घालू नका. धूर हवा असेल आणि कोणी विमानाने येत असेल तर लागावुलिन आठ सांगा.

काकांना आता ऑक्टोमोर हवी आहे. तीही ब्रुकलॅडीचीच, बहुतेक खेपा पाच वर्षांच्या, ताकद साठ टक्क्यांच्या आसपास, आणि एका खेपेच्या बार्लीत तर 309 पीपीएम धूर होता. आकड्यावर जाऊ नये असं मी त्यांना चांगलं तासभर समजावलं. “आन बापू आन,” म्हणाले. साडूच्या पुढच्या दोन लिटरपैकी 700 मिली तिच्यासाठी राखून ठेवलेत. उरलेल्यात सोळा आणायची की आठ, हे अजून ठरायचंय.